पांदणीसाठी आणि सातपुड्याच्या नाल्यांसाठी जुनी जिप्सी : उंचीच्या आधी काय पाहावं

मोर्शी तालुक्यातल्या एका संत्रा बागायतदार भाऊंचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे २००३ सालची एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनची) मारुती जिप्सी आहे. टायर २०५/७० आर १५, पाटे (लीफ स्प्रिंग) मूळचेच. बगिच्याकडे जाणारी दीड किलोमीटरची पांदण (शेतरस्ता) जुलैपासून सप्टेंबरपर्यंत चिखलात असते. गाडीने ती पार व्हावी, संत्र्यांचे कॅरेट (क्रेट) नेता-आणता यावेत आणि सुट्टीच्या दिवशी सातपुड्याच्या पायथ्याच्या गोट्यांच्या नाल्यांतही गाडी घालता यावी, अशी त्यांची इच्छा आहे. एका गॅरेजवाल्याने त्यांना चार इंच लिफ्ट (पाट्यांवर गाडी उंच करणं), ३१ इंची टायर आणि मागचं डिफरेन्शियल (एक्सलची दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच) वेल्डिंग मारून लॉक करायला सांगितलं. लाखाच्या आसपास खर्चाची तयारी आहे. हे करावं का?

भाऊ, हे करू नका. यातली दोन कामं तुमच्या गाडीला लागतच नाहीत आणि तिसरं धोक्याचं आहे. मी परतवाड्याकडे जिप्सी आणि जुन्या जीपचंच काम करतो. चार इंच उचललेल्या गाड्या माझ्याकडे दुरुस्तीला येतात तेव्हा तक्रार बहुतेक एकच असते: गाडी उंच झाली, पण अडकते पूर्वीच्याच जागी.

याचं कारण गाडीखाली वाकून पाहिलं की कळतं. जिप्सीला पुढे-मागे दोन्हीकडे सलग एक्सल आहे आणि तिचा सर्वांत खालचा भाग म्हणजे डिफरेन्शियलचं हाउसिंग. पांदणीत बैलगाडी-ट्रॅक्टरच्या दोन चाकोऱ्यांमध्ये जो उंचवटा उरतो, त्यावर हेच हाउसिंग टेकतं. लिफ्टने चॅसिस उचललं जातं, बॉडी उचलली जाते, पण हाउसिंग तसूभरही वर जात नाही, कारण ते चाकांच्या मधोमध बसलेलं आहे. त्याला वर नेतो फक्त टायर. हिशेब करून पाहा. तुमचा २०५/७० टायर सुमारे ६६८ मिलिमीटर व्यासाचा आहे. २१५/७५ आर १५ घातला तर व्यास ७०३ होतो आणि हाउसिंग १८ मिलिमीटर वर जातं. २३५/७५ आर १५ चा व्यास ७३३, म्हणजे ३३ मिलिमीटर वर. ३१ इंचीने साठेक मिलिमीटर मिळतात, पण त्याची किंमत पुढे सांगतो. चार इंचाच्या लिफ्टने हाउसिंगखाली मिळतं शून्य, आणि अरुंद ट्रॅकची, २३७५ मिलिमीटर व्हीलबेसची, मुळातच उभट असलेली गाडी धुऱ्यावर आडवी झाली की कलंडायला तयार.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी जुनी झीज काढा, मग टायर, मग गिअरिंग. पाट्यांचं काम टायरला जागा मिळण्यापुरतं आणि चाकं खाली-वर मोकळी हलण्यापुरतं. लॉकर, म्हणजे हवं तेव्हा एक्सलची दोन्ही चाकं एकत्र जोडणारी यंत्रणा, सगळ्यांत शेवटी, लागलाच तर.

झिजेकडे लोक दुर्लक्ष करतात कारण त्यात दाखवण्यासारखं काही नसतं. पण वीस वर्षांच्या गाडीला मोठा टायर चढवला की प्रत्येक ढिला भाग बोलायला लागतो. पुढच्या एक्सलपासून सुरुवात करा. पुढचा एक्सल जॅकवर उचला, स्टँड लावा आणि चाकाला वरून-खालून धरून आत-बाहेर हलवा. खटखट जाणवली तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खटखट थांबली तर व्हील बेअरिंग ढिलं आहे. तरीही राहिली तर नकलची (ज्यावर चाक वळतं त्या सांध्याची) किंगपिन बेअरिंगं गेली आहेत. मग चाक डावी-उजवीकडून धरून हलवा. तिथला ढिलेपणा बहुधा टाय रॉडच्या टोकांचा असतो. किंगपिन ढिलं ठेवून मोठा टायर घातला की ताशी ५०-६० च्या वेगात एखाद्या खड्ड्यानंतर स्टिअरिंग असं थरथरायला लागतं की गाडी थांबवल्याशिवाय थांबत नाही. त्यावर स्टिअरिंग डॅम्पर घालून ते दाबून टाकणं हा उपाय नव्हे. किंगपिनच्या शिम (पातळ चकत्या) काढून प्रीलोड (बेअरिंगवरचा ठरावीक दाब) बसवा, बेअरिंगच्या वाट्यांवर रोलरचे ठसे उमटले असतील तर बेअरिंग बदला.

तिथेच नकलचा गोल भाग फडक्याने पुसून बघा. त्यावर ग्रीसचा पातळ थर असणं ठीक आहे. पण ग्रीस पातळ होऊन काळ्या तेलासारखं ओघळत असेल आणि हुंगल्यावर गिअर ऑइलचा उग्र वास येत असेल, तर आतलं एक्सल सील गेलेलं आहे. हाउसिंगचं तेल नकलमध्ये येतंय आणि सीव्ही जॉइंटचं ग्रीस धुऊन निघतंय. जिप्सीवाले ज्याला बर्फील्ड म्हणतात तो हाच जॉइंट. पुढच्या एक्सलची सर्वांत नाजूक कडी हीच आहे. ग्रीसविना फिरलेला बर्फील्ड पूर्ण वळवलेल्या चाकावर एका जोराच्या धक्क्यात फुटतो. तुमची गाडी इतक्या वर्षांत कुणी उघडली नसेल तर दोन्ही नकल खोलाच. बर्फील्ड बाहेर काढा, रॉकेलने धुवा, गोळ्यांच्या खोबणीत बोट फिरवा. खड्डा किंवा कंगोरा लागला तर तो जॉइंट जपून ठेवा, पण गाडीत परत घालू नका.

फ्री व्हील हबही तपासा, पुढचं चाक शाफ्टला जोडणारा-सोडणारा भाग तो. चाक उचललेलं असताना हब लॉक करा आणि चाक फिरवा, आतला शाफ्ट सोबत फिरला पाहिजे. हा हब गोट्यासारखा घट्ट किंवा आतून तुटलेला असणाऱ्या कितीतरी गाड्या पाहिल्या आहेत. मालक फोर-व्हीलचा लिव्हर ओढतो, दिवा लागतो आणि पुढची चाकं मात्र रिकामी फिरत राहतात. अशा गाडीला लॉकर लावण्याआधी हब लावा.

प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस हाताने पिळून पाहा. ट्रान्सफर केस, म्हणजे दोन्ही एक्सलला ताकद वाटणारी आणि हाय-लो देणारी पेटी, जिप्सीत गिअरबॉक्सपासून वेगळी आहे, मध्ये छोटा शाफ्ट आहे आणि ती तीन रबर माउंटांवर टांगलेली असते. ती रबरं कडक होऊन चिरली असतील तर पहिल्या गिअरला क्लच सोडताच खालून ठोका येतो. तीनही बदला. पुढे गिअरिंग कमी केलंत तर या माउंटांवर ताण आणखी वाढणार आहे. जाताजाता चॅसिसला हातोडीच्या मुठीने ठोकत जा, विशेषतः मागच्या शॅकलच्या (पाट्याचं टोक चॅसिसला जोडणाऱ्या झुलत्या पट्टीच्या) जवळ आणि बॉडी माउंटपाशी. बद्द आवाज आला तिथे गंज आतून आहे. काळी माती चॅसिसच्या पोकळीत भरून वर्षभर ओल धरून बसते, त्यामुळे आपल्याकडे हे हमखास दिसतं. गंजलेल्या चॅसिसवर कुठलाही बदल करण्यात अर्थ नाही.

आता टायर. इथे आपल्या मातीचा विचार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण बाहेरच्या देशांतले सल्ले वाळू, बर्फ आणि खडकासाठी असतात. आपली काळी माती पाणी प्याली की फुगते आणि टायरच्या खाचांत लापशीसारखी भरते. खाचा भरल्या की मड टायर आणि गुळगुळीत टायर यांत काही फरक उरत नाही. मग ती चाक आणि मडगार्डच्या मध्ये साचते आणि शेवटी चाकच धरते. म्हणून टायरभोवती मोकळी जागा असणं हे चिखलात टायरच्या आकाराइतकंच महत्त्वाचं आहे. मडगार्डला खेटून बसलेला ३१ इंची टायर पांदणीत शंभर मीटरमध्ये जाम होईल.

दुसरी गोष्ट मातीच्या खोलीची. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात, काळी माती इतकी खोल आहे की चाकाला खाली टणक काही सापडतच नाही. तिथे रुंद टायर आणि कमी हवा हाच आधार, आणि खरं सांगायचं तर भर पावसात तिथे न जाणं हाच शहाणपणा. तुमच्याकडे, मोर्शी-वरूडच्या बऱ्याच भागात, काळ्या मातीखाली फार खोल न जाता मुरूम किंवा चुनखडीचा थर लागतो. अशा जागी बारीक टायर वरचा लगदा कापून खाली टणक जागा धरतो, तर रुंद टायर लगद्यावर तरंगत घसरतो. पांदणीच्या कडेला सब्बल मारून पाहा. वीतभर खाली मुरूम लागला तर रुंद टायरचा मोह सोडा. भंडारा-गोंदियाकडच्या बांध्यांमधून गाडी काढणाऱ्यांचा प्रश्न वेगळा असतो: तिथे बांध चढताना पुढचा बंपर टेकतो, म्हणून बंपरचा कोन आणि पाट्यांची हालचाल आधी बघावी लागते.

तुम्हाला मी २१५/७५ आर १५ सांगेन. हा बोलेरोचा आकार आहे, त्यामुळे फाटला तर तालुक्याच्या ठिकाणीसुद्धा तात्पुरता टायर मिळतो, आणि शेतीच्या दिवसांत ही फार मोठी सोय आहे. मूळ रिमवर तो बसतो. व्यास पाच टक्के वाढतो, तेवढं इंजिन सहन करतं. मड टेरेन पॅटर्न घ्या, ब्लॉकमधल्या खाचा मोठ्या आणि बाहेरच्या कडेला उघड्या असलेला, म्हणजे चाक फिरताना माती बाहेर फेकली जाते. नाल्यांची हौस जास्त असेल तर २३५/७५, पण त्याला किमान ६ इंच रुंदीची रिम हवी, आणि गिअरिंगचं काम त्यासोबतच करावं लागेल. जिप्सी आणि बोलेरोच्या चाकांचे पाच बोल्ट एकाच मापाच्या वर्तुळावर, १३९.७ मिलिमीटरवर आहेत, म्हणून बोलेरोची रिम सुचवली जाते. मधलं भोक हबवर नीट बसतं का आणि ऑफसेटमुळे टायर बाहेर किती येतो, हे मोजल्याशिवाय घेऊ नका.

हवेबद्दल एवढंच: डांबरी रस्त्यावर नेहमीची, पांदणीत शिरताना १५-१६ पीएसआय. हजार किलोच्या आसपासच्या या गाडीला तेवढी पुरते. टायरचा जमिनीला टेकणारा पट्टा लांब होतो आणि नाल्यातल्या गोट्यांवर तो वाकून पकड घेतो. यासाठी पैसा लागत नाही, फक्त परत येताना हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर जवळ लागतो. हवा न भरता डांबरीवर वेग घेतला तर टायरची बाजू तापून फाटते.

गिअरिंगकडे मात्र मी जास्त वेळ देतो, कारण जिप्सीचं खरं दुखणं इथे आहे. १२९८ सीसीचं पेट्रोल इंजिन हलकं आणि उत्साही आहे, पण त्याची ताकद वरच्या फेऱ्यांत येते. गोट्यांच्या नाल्यात एका दगडावरून दुसऱ्यावर उतरताना चाक अतिशय हळू फिरायला हवं. मूळ ट्रान्सफर केसचा हाय रेशो १.४०९ आणि लो रेशो २.२६८ आहे. हा आकडा जितका मोठा, तितकं चाक हळू आणि जोर जास्त. लो मध्येसुद्धा पहिल्या गिअरला गाडी या कामासाठी जोरातच धावते. मग चालक क्लच अर्धा दाबून चालवतो, क्लच जळतो, नाहीतर ब्रेकने इंजिन बंद पडतं, किंवा घाबरून रेस दिली की चाक उडी मारून पडतं आणि नेमक्या त्या क्षणी एक्सल किंवा बर्फील्ड तुटतो. सुटे भाग बहुतेक वेळा वजनाने तुटत नाहीत, अशा धक्क्याने तुटतात. गाडी जितकी हळू चालवता येईल तितके भाग टिकतील.

त्यात मोठा टायर आला की सगळं आणखी वेगवान आणि दुबळं होतं. २३५/७५ ने गिअरिंग सुमारे १० टक्के उंचावतं, ३१ इंचीने जवळपास १८ टक्के. ३१ इंचीची किंमत म्हणालो ती हीच: चढावर दुसरा गिअर ओढत नाही, ब्रेक कमी पडतात, आणि बर्फील्डवर लांब तरफ बसते.

यावर दोन मार्ग आहेत. एक, दोन्ही एक्सलचे क्राउन-पिनियन (डिफरेन्शियलचे मुख्य गिअर) जास्त रेशोचे घालायचे. यात पुढचा आणि मागचा रेशो तंतोतंत एक असावा लागतो, नाहीतर फोर-व्हील लावताच एक एक्सल दुसऱ्याशी भांडतो. शिवाय पिनियनची खोली आणि बॅकलॅश (दातांमधली ढील) बसवणारा हात सगळीकडे मिळत नाही. चुकीचा बसलेला क्राउन काही महिन्यांत रडायला लागतो. दुसरा मार्ग, आणि माझा कौल याला, म्हणजे ट्रान्सफर केसच्या आतले गिअर बदलणं. जिप्सी ज्या कुळातली, त्या सुझुकी सामुराईसाठी ४.१६ चा लो गिअर सेट बनतो. त्याने लो रेशो २.२६८ वरून ४.१६ वर जातो, म्हणजे आकडा ८३ टक्क्यांनी वाढतो आणि गाडी तेवढी हळू चालवता येते. आणि हाय रेशोचा आकडाही १२ टक्क्यांनी वाढतो. आता वरचा हिशेब जोडा. २३५/७५ टायरने १० टक्के गमावले आणि हाय रेशोत १२ टक्के मिळाले, म्हणजे अमरावतीच्या रस्त्यावर गाडी जवळपास कंपनीच्या गाडीसारखीच चालते, आणि नाल्यात मात्र चालत्या माणसापेक्षा हळू जाते. तुमच्या पूर्ण यादीत या एका कामाइतका फरक दुसऱ्या कशानेही पडणार नाही. याहून खालचे, ६.५ पर्यंतचे सेटही असतात. ते घेऊ नका. इतक्या पटीने वाढलेला पिळा मूळ एक्सल आणि ट्रान्सफर केसचे माउंट झेलू शकत नाहीत.

पण चिखलात या लो गिअरचा वापर वेगळा आहे. पांदणीत पहिल्या लो ला चाक इतकं हळू फिरेल की खाचांतली माती बाहेर पडणारच नाही. तिथे लो चा तिसरा घ्या, एका लयीत चाक फिरू द्या आणि मध्ये थांबू नका. पहिला लो फक्त दगड, तीव्र उतार आणि ओढून काढण्यासाठी.

जुन्या गाडीत आधीच्या मालकाने काय घातलंय याची खात्री नसते, म्हणून सेट मागवण्याआधी रेशो स्वतः मोजा. मागचं एक चाक जमिनीवर ठेवा, दुसरं उचला, बाकीच्या चाकांना दगड लावा, गिअर न्यूट्रलमध्ये आणि लिव्हर टू-व्हीलमध्ये असू द्या. प्रोपेलर शाफ्टवर खडूने रेघ मारा. उचललेलं चाक बरोबर दोन फेऱ्या फिरवा आणि तेवढ्यात शाफ्ट किती फिरतो ते मोजा. तोच तुमचा डिफरेन्शियलचा रेशो. पुढच्या बाजूलाही हेच करा, हब लॉक करून. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत.

आता पाटे. गॅरेजवाले सर्वांत आधी 'दोन पाटे वाढवू' म्हणतात. त्याने गाडी उचलते, पण पाटा कडक होतो. कडक पाटा असलेली गाडी नाल्यात एक चाक दगडावर चढलं की दुसऱ्या बाजूचं चाक हवेत उचलते, आणि उघड्या डिफरेन्शियलची सगळी ताकद त्या हवेतल्या चाकाकडे जाते. मग लॉकरची गरज वाटते. म्हणजे एका चुकीच्या कामासाठी दुसरं महागडं काम. पाटे तेवढेच ठेवा आणि जास्त कमानीचे, नरम घ्या. तुमचे मूळचे पाटे इतक्या वर्षांत बसलेले असणार, नुसते चांगले नवे पाटे टाकले तरी गाडी आपली हरवलेली उंची परत मिळवते. जुने पाटे थंड ठोकून कमान मारून घेणं स्वस्त पडतं, पण योग्य तापवणी-विझवणीविना मारलेली कमान कॅरेटच्या ओझ्याखाली लवकरच बसते. पाट्यांना बांधणाऱ्या क्लिपा घट्ट ठोकलेल्या असतील तर त्या ढिल्या करा, पाटे एकमेकांवर सरकले पाहिजेत.

२१५ टायरला मूळ उंचीच्या नव्या पाट्यांवर जागा पुरते. २३५ साठी दोन इंचांच्या आत थांबा. लांब शॅकल घालून उचलायचं असेल तर लक्षात घ्या की शॅकल जितकी लांब करता त्याच्या निम्मीच उंची मिळते, आणि जिप्सीत पुढच्या पाट्याची शॅकल पुढच्या टोकाला असल्याने ती लांब केली की एक्सल फिरून कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) कमी होतो. मग वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही आणि हमरस्त्यावर गाडी तरंगल्यासारखी चालते. त्यासाठी एक्सल आणि पाट्याच्या मध्ये पाचर घालून कोन परत आणावा लागतो. पाटे एक्सलच्या वर नेण्याचं काम, म्हणजे स्प्रिंग ओव्हर, शेतीला आणि बाजाराला जाणाऱ्या गाडीला नकोच. उंची पाचेक इंच वाढते, स्टिअरिंगची ड्रॅग लिंक तिरपी होऊन प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग ओढलं जातं, आणि जोर लावताच पाटे पिळवटतात.

काम झाल्यावर घरच्या घरी चाचणी घ्या. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक दगडांच्या भक्कम चौथऱ्यावर चढवा, जितकं उंच जमेल तितकं, आणि गाडीखाली सगळीकडे टॉर्च मारून बघा. ब्रेकचा होज ताणला जातोय का? शॉकअप पूर्ण उघडून पाट्याला धरून ठेवतोय का, की खाली बसून आपटतोय? प्रोपेलर शाफ्टचा सरकता सांधा बाहेर किती आला? स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर कुठे घासतो? शॉकअप लांब घेतले तर बम्प स्टॉपही (एक्सल वर आपटू नये म्हणून असलेला रबरी ठोकळा) तेवढा खाली आणावा लागतो, नाहीतर शॉकअपच बम्प स्टॉपचं काम करतो आणि फुटतो. यू-बोल्ट नवेच वापरा, जुने ताणलेले परत कसू नका, आणि पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा पान्हा लावा. ढिल्या यू-बोल्टने सेंटर बोल्ट तुटतो आणि एक्सल तिरका होतो.

वेल्डिंग केलेल्या डिफरेन्शियलला माझा विरोध पक्का आहे. दोन्ही मागची चाकं कायमची जोडली की डांबरीवर प्रत्येक वळणात एक टायर घासत जातो, ओल्या रस्त्यावर गाडी वळायच्या ऐवजी सरळ जाते आणि एक्सल शाफ्ट पिळून तुटतो. बायको-मुलांना घेऊन तुम्ही याच गाडीने मोर्शीला जाणार आहात. आधी वरची कामं करून एक पावसाळा काढा. एक चाक फिरत असेल तेव्हा रेस धरून डाव्या पायाने ब्रेक हलका दाबला की दुसऱ्या चाकाकडे थोडी ताकद जाते, ही सवय करा. त्यानंतरही अडत असेल तर मागे बटणाने लागणारा-सुटणारा लॉकर बसवा. पुढे लॉकर नको. पुढे लॉकर आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं, अशा वेळी बर्फील्ड जातोच.

इंजिनला हात लावू नका. कूलिंग चोख ठेवा, कारण मे महिन्यातली पंचेचाळीस अंशांची दुपार आणि लो गिअर एकत्र आले की रेडिएटरची परीक्षा होते. त्याच्या जाळीत गवताचं बी आणि कापसाचे तंतू अडकतात, मागच्या बाजूने हवा मारून काढा. स्नॉर्कल (इंजिनसाठी उंचावरून हवा घेणारी नळी) दिसायला छान आहे, पण त्याआधी हाउसिंगचे ब्रीदर (हवा येण्या-जाण्याची तोंडं) वर घ्या. तापलेलं हाउसिंग नाल्याच्या थंड पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. दोन्ही हाउसिंग, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसच्या ब्रीदरला रबरी नळी लावून ती बॉनेटखाली वरपर्यंत न्या. पावसाळ्यानंतर ड्रेन प्लग उघडून बघा, तेल ताकासारखं पांढरट दिसलं तर पाणी शिरलेलं आहे. तेल त्याच दिवशी बदला.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. तुमच्या गाडीची पंधरा वर्षं २०१८ मध्येच झाली, म्हणजे दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला ती आरटीओसमोर उभी करावी लागणार. चार इंच उचललेली, टायर बाहेर आलेली गाडी तिथे अडकेल आणि अपघातानंतर विमा कंपनीही बोट ठेवेल. झिजेची दुरुस्ती आणि मूळ मापाचे नवे पाटे यांत अडचण नाही. टायर, उंची किंवा गिअर बदलण्याआधी मात्र आरटीओत विचारा. नाल्यात उतरण्याआधी तो महसूलचा आहे की वनखात्याचा, हे गाव नकाशावर तलाठ्याकडून पाहून घ्या. मेळघाटच्या हद्दीत आणि कुठल्याही राखीव वनात हौसेखातर गाडी घालू नका.

सुटे भाग मिळवायला ताडोबा, पेंच आणि मेळघाटच्या सफारी जिप्सीवाल्यांशी ओळख ठेवा. त्या गाड्या रोज कच्च्या रस्त्यावर चालतात, त्यामुळे कुठलं बेअरिंग किती टिकतं हे तिथल्या मिस्त्रींना तोंडपाठ असतं.

शेवटचं काम स्वस्त आहे आणि जिवाशी निगडित आहे. आपल्याकडे अडकलेली गाडी ट्रॅक्टर आणि साखळीने ओढतात, आणि साखळी बंपरला अडकवतात. बंपरचे बोल्ट निसटले तर लोखंडाचा तुकडा गोळीसारखा येतो. पुढे-मागे चॅसिसच्या दोन्ही रुळांना आतून प्लेट देऊन, जाड बोल्टांनी बसवलेले हुक करून घ्या. साखळीऐवजी ओढण्याचा पट्टा ठेवा, त्यावर मध्यभागी भिजवलेलं पोतं टाका आणि ओढताना मजुरांना पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट दूर उभं करा. ट्रॅक्टरवाल्याला झटका न देता पहिल्या लो ला हळू ओढायला सांगा.

उन्हाळ्यातच नकल उघडा. किंगपिनच्या दोन्ही बाजूंच्या शिमची जाडी आणि स्प्रिंग काट्याने नकल वळवायला लागणारं बळ मोजून कळवा. शिम किती काढायच्या ते मी सांगतो. डिफरेन्शियलच्या मोजलेल्या फेऱ्याही सोबत लिहा, म्हणजे २१५ वर थांबायचं की २३५ आणि ४.१६ कडे जायचं, हे पावसाच्या आत ठरवता येईल.